झिपरी खारीचं द्राक्ष फुगेना

एक होती खार. नाव तिचं झिपरी. शेपटी एवढी मोठी! आणि अक्कल? तीही शेपटीतच.

ठकूमावशीची होती द्राक्षबाग. मावशी सगळ्या घडांना कागद बांधायची. बांधाकडचा एक घड मात्र उघडा. तो झिपरीचा. दरवर्षीचा मान!

पण यंदा पाऊसच नाही. झिपरीच्या घडाला लागलं एकच द्राक्ष. तेही सुकलं. एवढंस्सं. मिरीएवढं!

झिपरी रडली. चिर्र चिर्र! मग निघाली. तुरतुर तुरतुर.

“वेलबाई, वेलबाई, द्राक्ष फुगेना!”

“मी काय करू? मुळाशी ठिबकची नळी आहे, ती टपकली तर पिईन.”

तुरतुर तुरतुर.

“नळीबाई, नळीबाई, वेल पिईना, द्राक्ष फुगेना!”

“मी काय करू? तळं भरलं तर टपकेन. आणि मला चावू नकोस हं, चोरटे!”

तुरतुर तुरतुर.

“तळोबा, तळोबा, नळी टपकेना, वेल पिईना, द्राक्ष फुगेना!”

“मी काय करू? ढग पडला तर भरेन.”

झिपरी टेकडीवर गेली. झाडावर चढली. सरसर सरसर. शेंड्यावर बसला होता ढग. गाल फुगवून.

“ढगोबा, ढगोबा, तळं भरेना, नळी टपकेना, वेल पिईना, द्राक्ष फुगेना!”

“जा गं! मी रुसलोय. हल्ली ऊन फार. माझं डोकं गरगरतं, वेळच चुकते. मागल्या साली आलो, तर द्राक्षं पिकलेली. फुटली ना सगळी, फट् फट् फट्! मावशीनं थाळी बडवली. ‘चालता हो’ म्हणाली. आता ती ‘ये बाबा’ म्हणाली तर पडेन.”

तुरतुर तुरतुर.

“मावशी, मावशी, ढग पडेना, तळं भरेना, नळी टपकेना, वेल पिईना, द्राक्ष फुगेना!”

“मी म्हणू? त्या फुगलेल्या बोक्याला? मुळीच नाही!”

अस्सं काय? झिपरी चढली मावशीच्या पाठीवर. शेपटी घातली मानेत. गुदू गुदू गुदू!

“अगं ए! हीहीही! उतर! हूहूहू! म्हणते, म्हणते!”

मावशीनं पदर सावरला. वर पाहिलं.

“ये रे बाबा ढगा! पण तळ्यात पड. बागेत नको. द्राक्षं फुटतील!”

“किती गं तुझे नखरे!” म्हणाला ढग. पण हसला. नि आला, गडाड् गुडूम!

ढग पडला, धो धो! सगळा तळ्यात. एकच थेंब चुकला. कुठं पडला? मावशीच्या नाकावर. टप्!

तळं भरलं, डुब डुब.
नळी टपकली, टिप टिप.
वेल प्यायली, गट गट.
द्राक्ष फुगलं, टम्म!

झिपरीनं चावा घेतला. पच्च! रस उडाला मावशीच्या तोंडात.

“बये! गोड आहे गं! दे की अर्धं!”

“नाही जा!” म्हणाली झिपरी. नि गिळून टाकलं. गुडूप!

द्राक्ष संपलं. देठ उरला. जो झोपणार नाही, देठ त्याला!