खड्यांची रास

त्या मुलखात एक माळ होता आणि त्या माळावर खड्यांशिवाय दुसरे काही नव्हते. झाड नव्हते, झुडूप नव्हते, क्षणभर टेकायला उंचवटासुद्धा नव्हता. करडे, तांबूस, काळ्या ठिपक्यांचे खडे नजर जाईल तिथवर पसरलेले होते. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना ही जागा फार मानवली होती. टिटव्या, लाव्या, चंडोल पिढ्यान्‌पिढ्या तिथेच संसार करत. त्यांची अंडी त्या खड्यांसारखीच दिसत, त्यामुळे वरून जाणाऱ्या कोणालाही ती ओळखू येत नसत. कधीकधी आईसुद्धा आपल्याच अंड्यांवरून दोन पावले पुढे निघून जाई आणि मग परत फिरे.

या सुखाला एक बोच होती. अंडी जशी कोणाला दिसत नसत, तशा आयाही एकमेकींना दिसत नसत. जिचे अंडे नासे ती आपल्या खळग्यात बसून एकटी रडे आणि खोट आपल्यातच आहे असे धरून चाले. शेजारणीचेही नासले होते हे तिला कधीच कळत नसे. म्हाताऱ्या म्हणत, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." हे साफ खोटे होते, पण म्हाताऱ्यांना आता तसेच आठवत होते.

मग एका उन्हाळ्यात एक लावी माळाच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी सहाच्या सहा अंडी वाया गेली. माझं काय चुकलं?"

उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. पण थोड्या वेळाने चंडोलाची बायको चालत आली, चोचीतला एक खडा तिने लावीपुढे ठेवला आणि म्हणाली, "माझीपण." मग दुसरी आली, मग तिसरी. दिवस कलेपर्यंत लावीपुढे खड्यांची ओंजळभर रास झाली होती. त्या दिवशी लावी आपल्या खळग्याकडे परतली आणि कित्येक दिवसांनी तिने पोटभर दाणे खाल्ले. पुढे जे झाले ते सांगायचेच आहे, पण तो पहिला खडा खरा होता, एवढे कबूल केलेच पाहिजे.

सुरुवातीला खड्याचा अर्थ 'मीही' असा होता. हळूहळू तो 'बरोबर आहे' असा झाला. मग जी म्हणेल त्या म्हणण्यापुढे खडे पडू लागले आणि ज्याच्यापुढे मोठी रास ते म्हणणे खरे, असे ठरून गेले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. इथे पाचशे मुखे होती आणि परमेश्वराला बोलायला फटच मिळत नव्हती.

राशीबद्दल माळावर दोन तट पडले. नर म्हणत, बायकांना उद्योग नाहीत. आणि दुपारी कोणी बघत नाही असे पाहून तेही हळूच एखादा खडा टाकून येत. म्हाताऱ्या म्हणत, "ऐकावं जनाचं, करावं मनाचं." तरण्या विचारत, "मनाचं करून तुमची किती जगली?" दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर होते, म्हणून ते भांडण कधी मिटले नाही.

राशीची कीर्ती पलीकडच्या राईपर्यंत गेली तेव्हा कोकिळा आली. अंडी उबवण्याचा तिला अनुभव नव्हता. तिची मुले दुसऱ्याकडे वाढत होती, त्यामुळे तिच्यापाशी वेळ भरपूर होता आणि अंगावरचे एक पीसही विस्कटलेले नव्हते. बसून बसून पोट सोलवटलेल्या आयांना वाटले, आई असावी तर अशी. शिवाय गळा गोड. ती जे बोले त्यापुढे खड्यांचा पाऊस पडे. आठवड्याभरात ती सगळ्यांची कोकिळाताई झाली.

याच माळाच्या एका कडेला, डबक्याजवळ, एका टिटवीने चार अंडी घातली होती. तिची ही पहिलीच वेळ. टिटवी आणि टिटवा आळीपाळीने बसत. ऊन तापले की टिटवा डबक्यावर जाई, पोटाची पिसे पाण्यात भिजवी आणि तसाच येऊन अंड्यांवर बसे. त्याच्या आईने हेच केले होते आणि आजीनेही. असे का करायचे हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही कधी विचारले नव्हते.

एके दिवशी तो टिटवीला म्हणाला, "मी बसतो. तू जरा पाय मोकळे करून ये."

टिटवी राशीवर गेली. तिला काही विचारायचे नव्हते, पण सगळ्याजणी विचारत होत्या, म्हणून तिनेही विचारले, "आम्ही पोट भिजवून बसतो. चालतं ना?"

मग कोकिळा मायेने म्हणाली, "अगं, बाळाला आईची ऊब लागते, डबक्याची ओल नाही." खडे पडू लागले. एक म्हातारी टिटवी काहीतरी सांगत होती, तिच्यापुढे चारपाचच खडे पडले. कोकिळेपुढची रास पाहून टिटवी धावत घरी आली.

"अहो, उठा. आधी कोरडे होऊन या."

"अगं, पण ऊन किती आहे. माझी आई तर..."

"तुमच्या आईची दोनच जगली होती."

ते खरे होते. टिटवा उठला, पंख पसरून उन्हात उभा राहिला आणि कोरडा होऊन परत बसला. तीन दुपारी दोघे असेच कोरडे बसले. माळ तव्यासारखा तापला होता. चौथ्या दिवशी अंडी उलटताना टिटवीला कळले की तीन अंड्यांत काहीतरी हलते आहे आणि एकात नाही.

ती राशीवर जाऊन रडली. कितीतरी जणी तिच्याबरोबर रडल्या. ते रडणे खरे होते आणि तिला बरेही वाटले. मग कोणीतरी विचारले, "पण कोरडं म्हणजे अगदी कोरडं होतं का गं? नाहीतर काही काही जणी वरवर पुसतात." आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. कोकिळा म्हणाली, "मी कुणाला दोष देणार नाही. पण मनात शंका ठेवून बसलं ना, की ऊब लागत नाही." त्यापुढे एवढी मोठी रास पडली की पलीकडचे दिसेना. टिटवीनेही एक खडा त्यावर ठेवला. आपले चुकले हे सगळ्यांबरोबर म्हणायला मिळाले की चुकल्याचे दुःख जरा कमी होते.

त्यानंतर ती रोज जाऊ लागली. घास केवढा भरवायचा, पिलाने कितव्या दिवशी चालायला हवे, रडले तर जायचे की नाही, सगळे ती ऐकून घेई. पिले तर अजून अंड्यातच होती.

खडे मात्र संपत आले होते. सुरुवातीला आया ते कुठून तरी लांबून आणत. मग जवळून आणू लागल्या. मग घाईच्या वेळी आपल्याच खळग्याभोवतालचा एखादा उचलत. एकाने काय होते, असे प्रत्येकीला वाटे. माळ मधून मधून उघडा पडू लागला, पण सगळ्यांच्या नजरा राशींकडे असल्यामुळे पायांखालची जमीन कोणी पाहिली नाही.

त्या सगळ्या राशींत एक रास सर्वांत उंच होती. "अंडी नेहमी नजरेआड असावीत," असे एकदा कोकिळा म्हणाली होती आणि यावर कोणाचेच दुमत नव्हते. माळावरची एकही आई अशी नव्हती, जिने त्या राशीवर खडा टाकला नाही. प्रश्न विचारण्याआधी तिथे एक खडा ठेवायचा, अशी रीतच पडली. ती रास इतकी वाढली की तिच्या टोकावरून अख्खा माळ दिसे.

मग राईतला डोमकावळा आला. तो पूर्वी या माळावर कधी थांबत नसे, कारण बसायला काही नव्हते. आता तो त्या राशीच्या टोकावर बसू लागला. तो काही बोलत नसे, खडाही टाकत नसे, मान वाकडी करून नुसता ऐके. विचारणारी प्रत्येक जण आधी आपली जागा सांगे, मग अंडी किती आणि दिवस कितवा ते सांगे. आया एकमेकींना म्हणत, "बघा, पुरुष असून डोमकाका किती मन लावून ऐकतात. नाहीतर आमचे हे."

एके दुपारी टिटवी राशीवर होती आणि टिटवा डबक्यावर गेला होता. तो आता चोरून पोट भिजवून येऊ लागला होता. परत आला तेव्हा खळग्यात एकच अंडे होते. नासलेले त्यांनी आधीच बाजूला सारले होते. दोन गेली होती.

टिटवी आली तेव्हा तो खळग्याभोवती गोल गोल फिरत होता. "मला ती डबक्यावरून दिसत होती गं," तो म्हणाला. "पूर्वी कधी दिसायची नाहीत. मला दिसतात म्हणजे सगळ्यांनाच दिसत असणार." मग त्याने खाली पाहिले. "इथले खडे कुठं गेले?"

टिटवीने राशींकडे पाहिले. टिटवा चालत माळाच्या पार टोकाला गेला आणि एकेक करून खडे आणत राहिला. दिवसभरात त्याला चारच मिळाले. ते त्याने शेवटच्या अंड्याभोवती मांडून ठेवले.

दोन दिवसांनी, ऊन वर चढत असताना, त्या अंड्यातून आवाज आला. टक. मग परत, टक.

"ऐकलंस?" टिटवा म्हणाला. "निघालं. आज येतंय बघ बाहेर."

"आपण फोडायला मदत करायची असते का?"

"त्याचं त्याला कळतं. मी पटकन भिजून येतो, ऊन फार झालंय. मी येईपर्यंत उठू नकोस."

"नाही उठत."

तो गेला. टिटवी पोटाखालचा आवाज ऐकत बसली. टक. टक. मग तो थांबला. तिने वाट पाहिली. आत बसलेले पिलू दमले की थांबते, विसावा घेते आणि पुन्हा लागते. तिच्या आईला हे ठाऊक होते, पण तिला कोणी सांगितले नव्हते आणि आता सांगितल्याशिवाय काही कळते यावर तिचा विश्वास उरला नव्हता. फोडावे तर पिलाला इजा व्हायची. न फोडावे तर आतच गुदमरायचे. काहीही केले आणि चुकले, तर उद्या सगळ्याजणी आपल्याकडे पाहतील. तिने टिटव्याच्या वाटेकडे पाहिले. मग चारांतला एक खडा उचलला आणि पळत सुटली. विचारून लगेच यायचे होते.

त्या दिवशी राशीवर कधी नव्हे ती गर्दी होती. कोकिळेने आपले पोर आणले होते. पोर अंगाने भरलेले, काळेभोर, तुकतुकीत. आया भान हरपून बघत होत्या. एकीने विचारले, "ताई, भरवता तरी काय हो?"

"प्रेमानं भरवलं की सगळं अंगी लागतं," कोकिळा म्हणाली आणि जरा बाजूला बघू लागली, कारण पोराला तीही पहिल्यांदाच बघत होती.

खडे घेऊन आयांची रांग लागली. टिटवी रांगेत उभी राहिली. पुढच्या सरकत नव्हत्या. राशीच्या टोकावर आज कोणी बसलेले नव्हते, हे तिच्या लक्षात आले, पण त्याचा विचार करायला वेळ नव्हता.

इतक्यात डोमकावळा डबक्याच्या बाजूने आला आणि आपल्या जागी उतरला. त्याला पाहताच पोराने कोकिळेची बाजू सोडली आणि पंख फडफडवत, खडे घरंगळवत ते रास चढून गेले. त्याच्यापुढे जाऊन त्याने चोच वासली. खाली आया हसल्या. "काकांचा किती लळा आहे बघा!"

डोमकाकाच्या चोचीत एक अंडे होते. करडे, काळ्या ठिपक्यांचे. त्याच्या एका बाजूला बारीक तडा होता, आतून गेलेला, आणि त्या तड्यातून चोचीचे टाचणीएवढे पांढरे टोक बाहेर येऊन हलत होते. पोराने चोच आणखी मोठी वासली.

साऱ्या आया कौतुकाने पुढे सरकल्या. टिटवी ओरडली असती तर सारा माळ हादरला असता. पण तिच्या चोचीत खडा होता, आणि मागची तिला म्हणत होती, "ठेव ना गं लवकर, आमचाही नंबर आहे."