दारातली टोपली

फार पूर्वी एका मोठ्या नदीच्या मधोमध एक बेट होते आणि त्या बेटावर एक लहानसे गाव होते. गावकरी नदीकाठच्या गाळात भाजीचे वाफे करत. पण दर पावसाळ्यात एकदा नदीला मोठा पूर येई. वाफे पाण्याखाली जात, नाव बंद होई आणि दहा-बारा दिवस पलीकडच्या बाजाराचे तोंडही दिसत नसे.

म्हणून गावाने एक रीत घालून घेतली होती. पाणी गढूळ होऊन घाटाच्या पायऱ्या चढू लागले, की प्रत्येकाने आपली भाजी तोडून आणायची आणि गावाच्या दगडी कोठीत ठेवायची. कोठी जमिनीत अर्धी उतरलेली, थंड आणि अंधारी होती. तिची किल्ली एकाच राखणदाराकडे असे. पूर ओसरेपर्यंत रोज सकाळी तो प्रत्येक घराला भाजीचा वाटा देई.

कोठीच्या दारात एक टोपली असे. जी भाजी नरमली, पिवळी पडली किंवा डागाळली, ती राखणदाराने रोज निवडून त्या टोपलीत ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. ज्याला हवी त्याने न्यावी, डाग कापून टाकावा आणि त्याच दिवशी शिजवावी.

तीस वर्षे ही किल्ली ठकूमावशीच्या कमरेला होती आणि तीस वर्षांत तिची टोपली कधी रिकामी दिसली नव्हती. पुराच्या दिवसांत गावच्या नावाड्याला काम नसे. तो कोठीसमोरच्या पारावर बसून रोज ओरडे, "मावशी, सडली गं तुझी भाजी!"

"तुझ्या नावेपेक्षा बरी आहे," मावशी म्हणे. "ती तर आठ दिवस पालथी पडलीय!"

पण आता मावशीचे गुडघे थकले होते. कोठीच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या.

त्याच वर्षी वेणू गावात परत आली. ती सहा वर्षे दूरच्या शहरात, आत्याकडे राहून शिकली होती. नावेतून उतरतानाच तिने ठरवले होते, की आपले शिक्षण आपल्या गावाच्या कामी आले पाहिजे. तिने किल्ली मागितली. मावशीने ती आनंदाने दिली.

"एकच सांगते," मावशी म्हणाली. "रोज सगळ्या भाजीवरून हात फिरव. डोळ्याआधी हाताला कळतं."

वेणूने मान डोलावली, पण तिचे लक्ष कोठीच्या जाळ्याजळमटांकडे होते.

पाणी चढू लागले. भाज्या आल्या. त्यांना लागलेली माती पाहून वेणूला कसेतरी झाले. तिने मेथी, शेपू, कोथिंबीर, एकूण एक जुडी हौदावर नेऊन स्वच्छ धुतली. सगळ्यात शेवटी ठकूमावशीची शेपूची जुडी आली. मुळांना चिखल तसाच, वर जुन्या लुगड्याचा कोरडा तुकडा गुंडाळलेला. तोवर हौदातले पाणी संपले होते. वेणूने ती मळकी जुडी कोणाला दिसणार नाही अशी आतल्या कोनाड्यात सारली.

मग तिने कोठी सजवली. भेंड्या एका रांगेत, वांगी दुसऱ्या. कांदे-बटाटे एकाच मोठ्या टोपल्यात नक्षीसारखे. मुळे हिरव्यागार पाल्यासकट, कारण ते तसेच शोभत होते.

लोक बघायला आले आणि थक्क झाले. "अगं बाई, ही कोठी आहे की देऊळ!"

वेणूचा ऊर भरून आला. ती म्हणाली, "यंदा दारातली टोपली रिकामीच राहील. बघालच तुम्ही."

पहिल्या दिवशी टोपली रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी वाटा न्यायला आलेल्या ठकूमावशीला नावाडी पारावरून म्हणाला, "मावशी, आता मी चिडवू तरी कोणाला?"

चौथ्या दिवशी वेणू कोठीत उतरली, तर कोथिंबिरीला बोटे चिकटली. मेथीची पाने बुळबुळीत झाली होती. तिने ती उचलली आणि दाराकडे वळली. तेवढ्यात बाहेरून नावाड्याचा आवाज आला, "पोरीनं नाव काढलं हो गावाचं!"

वेणूचे पाऊल अडखळले. एका टोपलीने एवढा मान जाणार? ती मागे फिरली आणि तिने त्या जुड्या भोपळ्यांच्या ढिगामागे दडवल्या. त्या दिवशीही टोपली रिकामीच होती.

पाचव्या दिवशी नावाडी स्वतः कोठीच्या दारात आला. आज त्याच्या तोंडात थट्टा नव्हती.

"वेणू, माझी बायको, तुझी वहिनी, परवा बाळंत झाली. मुलगी आहे. पण दूध पुरत नाही गं. पोर रडून रडून लाल होतेय. ठकूमावशी म्हणाली, शेपूची भाजी दे तिला, दूध येईल. आहे ना शेपू?"

वेणूने शेपूला दोन दिवस हातही लावला नव्हता. तरी तिच्या तोंडून निघाले, "आहे की दादा. भरपूर आहे. उद्या सकाळी देते."

तो गेल्यावर तिने एकेक जुडी सोडली. पहिली काळी पडली होती. दुसरीचा लगदा झाला होता. शेवटच्या जुडीपर्यंत एकही धड काडी हाताला लागली नाही. वांग्यांनाही खालून ओल लागली होती. बटाट्यांना कोंब फुटले होते. मुळे सुरकुतून पिळलेल्या फडक्यासारखे झाले होते.

वेणू पायरीवर बसली. हे सगळे नदीत टाकले, तर पूर ते घेऊन जाईल. शेपू वाटून संपला म्हणून सांगितले, तर कोण विचारणार आहे? कोणालाच कळणार नाही.

पाराच्या मागेच नावाड्याचे घर होते. तिथून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता. लहानसा, थकलेला आवाज. मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

वेणू उठली. तिने दारातली टोपली आत नेली, सडलेल्या भाजीने शिगोशीग भरली आणि बाहेर आणून ठेवली. मग दुसरी भरली. मग तिसरी. आणि पारासमोर उभी राहून तिने आपणच हाक मारली, "नावाडीदादा, सडली हो माझी भाजी!"

लोक जमले. वेणूने काही लपवले नाही. "कालच दिसलं होतं मला. माझी टोपली रिकामी दिसावी म्हणून मी दडवलं. आणि दादा, शेपू आहे म्हणून मी खोटं बोलले. एकही जुडी उरली नाही."

नावाड्याने टोपलीतली शेपूची काळी जुडी उचलून पाहिली आणि परत ठेवली. ते वेणूला कुठल्याही टोमण्याहून जड गेले.

गर्दीतली एक बाई म्हणाली, "सहा वर्षं हेच शिकलीस का गं?"

एवढ्यात काठी टेकत ठकूमावशी आली. "बोलायला अख्खा पूर पडलाय," ती म्हणाली. "आधी हात चालवा. अजून निम्मं वाचेल."

सगळे कोठीत उतरले. मावशी वरच्या पायरीवर बसून सांगू लागली. "ओली भाजी फडक्यावर पसरा. पालेभाजीला पाणी दाखवायचं ते चुलीवर चढवताना, कोठीत निजवताना नाही. मुळ्याचा पाला आधी तोडा, तो मुळ्यातलं पाणी ओढून घेतो. कांदे-बटाटे वेगळे करा. ताटात त्यांचं जमतं, टोपलीत नाही."

हाताखालून भाजी निवडली जाऊ लागली. तेवढ्यात कोनाड्याशी काम करणारी सुतारीण ओरडली, "हे कसलं गाठोडं?"

वेणूने ते ओळखले. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली तीच मळकी जुडी. तिने फडके सोडले. बाहेरची पाने पिवळी पडली होती. तिने ती बाजूला केली. आत शेपू हिरवा होता, आणि साऱ्या कोठीत त्याचा वास दरवळला.

वेणू ती जुडी घेऊन पायऱ्या चढली. "दादा, ही मावशीची. मळकी म्हणून मी लपवून ठेवली होती."

नावाड्याने जुडी दोन्ही हातांत घेतली आणि तो घराकडे पळत सुटला.

त्या दुपारी गावाने कोठीसमोर मोठी चूल मांडली. जेवढे कापून वाचवण्यासारखे होते, तेवढे एकाच हंड्यात शिजले. वांगी, भेंडी, कोंब काढलेले बटाटे, सगळे एकत्र. जे अगदीच गेले होते, ते उकिरड्यावर खतासाठी गेले. सगळे पांगल्यावर वेणूने किल्ली मावशीपुढे ठेवली.

"मला नाही जमणार, मावशी. तुम्हाला तीस वर्षं लोक चिडवत होते, तरी तुम्ही रोज टोपली भरून ठेवायचात. मला चार दिवस नाही सोसलं."

"अगं वेडे, टोपली भरलेली होती म्हणून तर कोठी भरलेली राहिली," मावशी म्हणाली. "आणि पहिल्या वर्षी मीसुद्धा सगळं सडवलं होतं. आठ दिवस अख्ख्या गावाला पिठलं खाऊ घातलंय मी! उचल ती किल्ली. ज्याच्या हातून एकदा सडलंय, त्याच्याच हाताला पुढं कळतं."

पूर आणखी सहा दिवस राहिला. वाटे लहान झाले, पण एकही घर भाजीवाचून राहिले नाही. वेणू रोज पहाटे उठून प्रत्येक दोडक्यावरून, प्रत्येक काकडीवरून हात फिरवी.

पूर ओसरला त्या सकाळी टोपलीत दोन नरम काकड्या आणि एक डागाळलेले वांगे होते. पारावरून आवाज आला, "वेणू, सडली गं तुझी भाजी!"

"हो दादा, सडली!" वेणू हसून म्हणाली. "घेऊन जा. आणि आधी सांगा, बाळाला दूध पुरतंय का?"

नावाडी पारावरून उतरला. त्याने टोपलीतले वांगे उचलले आणि पंच्याने पुसले.

"पुरतंय," तो म्हणाला. "पोट भरून झोपलीय आता. बाळंतिणीला वांगं चालत नाही, तेव्हा हे माझं!"

आणि तो नाव सुलटी करायला घाटाकडे निघाला.

तात्पर्य: सडलेले पहिले पान दारात ठेवायची हिंमत ज्याच्याकडे असते, त्याचीच कोठी वाचते, झाकलेला डाग मात्र सगळी टोपली खातो.