गजराबाईने मान सोडला, पण हात सोडला नाही

एका गावात एक गजराबाई राहायची. गाव डोंगराच्या पोटाशी, गावाबाहेर देवीचं देऊळ. चैत्रात जत्रा भरायची आणि ढोल घुमू लागला की गजराबाईच्या अंगात देवी यायची. केस सुटायचे, पाय दणादणा आपटायचे, आवाज असा चढायचा की वडावरची पाखरं उठावीत. माणसं तिच्या पाया पडायची, बाया ओटी भरायच्या. एरवी ती गोवऱ्या थापून पोट भरणारी विधवा. पण त्या दिवशी पाटलीणबाईसुद्धा तिला वाकायची. वर्षातला तेवढा एकच दिवस तिच्या मानाचा, आणि तो तिला फार आवडायचा. का आवडू नये?

त्याच गावात हैबतराव होता. देवळाचा पंच. बोलणं लोण्यासारखं मऊ. जत्रेत स्वतःच्या खर्चाने पन्ह्याची पाणपोई घालायचा, येईल त्या बाईला ताई-माई करायचा. गोगलगाय आणि पोटात पाय. पण ते पाय अजून कुणाला दिसले नव्हते.

एका वर्षी उन्हाने कहर केला. कुंभाराची केशर, सतरा वर्षांची हसरी पोर, आईबरोबर जत्रेला आली होती. आई तुळसा नारळ घेऊन रांगेत उभी राहिली आणि केशर पाणपोईवर गेली. सगळ्यांना रांजणातलं पन्हं मिळत होतं. हैबतरावाने तिला मात्र आतून वेगळा पेला आणून दिला.

"घे पोरी. तुझ्यासाठी खास वेलदोडा घातलाय."

केशरला ते कडवट लागलं. दोन घोट घेऊन तिने पेला खाली ठेवला.

"अगं, देवीच्या दारचं आहे. टाकतेस होय? मग मी काय समजू, तुला माझ्या हातचं चालत नाही?"

आता बापाच्या वयाच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आपल्याकडे पोरीला सगळं शिकवतात. भाकरी थापायला, सडा घालायला, खाली मान घालून चालायला. 'नाही' म्हणायला तेवढं कुणी शिकवत नाही. केशरने डोळे मिटले आणि तळाशी गाळ तेवढा ठेवून पेला संपवला.

थोड्याच वेळात ती देवळाच्या पायरीशी आली ती डुलतच. मान एकीकडे, पाय दुसरीकडे. काहीतरी पुटपुटत होती, पण जीभ जड झाली होती. ढोल वाजतच होता. कुणीतरी ओरडलं, "कुंभाराच्या केशरच्या अंगात आलं!"

झालं. बाया मागे सरकल्या. हळद-कुंकू आलं. तुळसा धावत आली, लेकीकडे बघितलं आणि तिने हात जोडले. "आई, माझ्या लेकराचं अंग निवडलंस! पावलीस गं!" असं म्हणून तिने पोटच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवलं.

हैबतराव पुढे झाला. "मागे व्हा सगळे. कोवळं अंग आहे, पहिलाच संचार आहे. गर्दी झाली तर देवी कोपेल. मी हिला मागच्या ओवरीच्या खोलीत निजवतो. दार लावून घेतो. दिवस मावळेपर्यंत तिकडे कुणी फिरकू नका."

पंचच म्हणतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार! तुळसाही म्हणाली, "दादा, तुम्हीच सांभाळा माझ्या पोरीला."

गजराबाई तिथेच उभी होती. खरं सांगायचं तर आधी तिच्या पोटात दुखलं. आता लोक या पोरीला वाकणार, आपल्याला कोण विचारतंय! पण ती केशरकडे बघत राहिली आणि तिला काही पटेना. अंगात वारं आलं की चार बाप्यांना आवरत नाही, हे तिने स्वतःच्या अंगाने भोगलेलं होतं. ही पोर तर भिजल्या पोत्यासारखी खचत होती. डोळे उघडे, पण त्यात ओळख नव्हती. आणि तिची बोटं हवेत चाचपडत आईचा पदर शोधत होती.

देवीला आईचा पदर कशाला लागतो?

गजराबाई गर्दी सारत पुढे गेली. खाली बसली, केशरचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिचा हात घट्ट धरला.

"ही देवी नव्हे. हिला काहीतरी पाजलंय."

ढोल थांबला. हैबतराव मऊ हसला. "काय गं गजरा, पोरीचा मान सोसवेना होय? या वयात सवतीमत्सर?"

माणसं खिदळली.

"मघाशी सोसवला नव्हता खरा," गजराबाई म्हणाली. "पण तो मत्सर माझा मी गिळला. तुझं काय चाललंय ते सांग."

हैबतरावाचं हसू मावळलं. तो म्हणाला, "जपून बोल. हिच्या अंगातली देवी खोटी म्हणतेस, तर उद्या लोक विचारतील, गजराच्या अंगातली कशावरून खरी? तुझी ओटी बंद होईल. कुणी पाया पडणार नाही. बसशील बाराही महिने गोवऱ्या थापत."

वर्षातला एकच दिवस, तोही जाणार. तिने मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. मग सगळ्या जत्रेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मग थापीन गोवऱ्या! माझी देवी खोटी म्हणा, मला ढोंगी म्हणा. आज मला देवी नको, ही पोर शुद्धीवर हवी. तुळसे, ऊठ! पाया काय पडतेस तिच्या? लेक आहे ती तुझी. धर तिला!"

तुळसा गडबडून उठली आणि लेकीला बिलगली.

"पण पाजलंय याला पुरावा काय?" दुसरा एक पंच म्हणाला.

"पुरावा शोधायला दिवस पडलाय. आधी पोर बघा. आणि ओवरीतच न्यायची म्हणता ना, तर नेऊ या. मी आणि तुळसा दोन्ही बाजूंना बसतो. दार सताड उघडं राहील. चालेल का, हैबतराव?"

चालेल म्हणायला काय हरकत होती? "देवीचा नियम असा..." तो चाचरला.

"कुठला नियम? इतकी वर्षं माझ्या अंगात येतंय. मला कुणी कधी दार लावून कोंडलं नाही!"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात मागून एक तरणी सासुरवाशीण हुंदका देत म्हणाली, "गेल्या साली यानेच मला निजवलं होतं त्या खोलीत, दार लावून." वर्षभर ती कुणाला बोलली नव्हती. कुणी तिला विचारलंही नव्हतं.

मग मात्र बायांचं कडं झालं. एकीला आठवलं, पाणपोईवर केशरला पेला आतून वेगळा आला होता. गजराबाईने तिथूनच हुकूम सोडले. "वैद्यांना आणा. पाणपोईतला तो पेला कुणी धुऊ नका, झाकून ठेवा. आणि त्या सासुरवाशिणीजवळ दोघी जणी बसा, ती एकटी रडतेय." हैबतराव मागच्या मागे सटकू पाहत होता, पण ढोलवाले गडी आडवे उभे राहिले. वैद्यांनी केशरचे डोळे पाहिले, पेल्यातला गाळ पाहिला आणि म्हणाले, "गुंगीची पूड आहे." हैबतरावाची वरात पेल्यासकट फौजदाराकडे गेली.

दिवस कलता कलता केशर शुद्धीवर आली. सगळं कळल्यावर रडू लागली. "मावशी, कडू लागलं होतं. तरी मी प्यायले. माझंच चुकलं."

"तहान लागली म्हणून प्यायलीस. तहान लागणं पाप आहे का? पाप त्याने कालवलं, ते तू कशाला गिळतेस?" गजराबाई म्हणाली. "फक्त एक कर. पुन्हा कधी कडू लागलं, मनाला पटेना, तर तिथल्या तिथे थुंकून टाक. देणारा रुसला तर रुसू दे. रुसवा निघतो."

तुळसा कपाळ बडवत होती. "मी माझ्या हाताने त्याच्या हवाली करत होते गं!"

"करत होतीस. केली नाहीस. ऊठ, पोरीला घरी ने."

पुढच्या चैत्रात हैबतरावाचं बोलणं खरं ठरलं. गजराबाईची ओटी कुणी भरली नाही, कुणी वाकलं नाही. तिने त्याचं काही वाटून घेतलं नाही. सकाळीच चार गडी घेऊन ती ओवरीवर गेली आणि खोलीचं दार बिजागरीतून उखडून काढलं. गजराबाईने स्वतः कुऱ्हाड घेऊन त्याचं सरपण केलं. त्या सरपणावर जत्रेचा भात शिजला, आणि गावच्या लेकीबाळी एकमेकींच्या सोबतीने येऊन पोटभर जेवून गेल्या.

तात्पर्य: मनाला न पटलेला पेला कुणाच्या भिडेने पिऊ नये, शुद्ध हरपलेल्या माणसाचा हात सोडू नये, आणि गुंगी देणाऱ्याचा गुन्हा गुंगी चढलेल्याच्या माथी कधी मारू नये.