कणगीत लपलेला गणा

"या सगळ्यांत चुकलेलं चित्र कुठलं?" राघोबुवांनी विचारलं.

भार्गव चिताऱ्याला शोधावं लागलं नाही.

महिनाभर तो मठातल्या पोरांना चित्रं शिकवत होता. महिना सरला की सभामंडपाची कोरी भिंत रंगवायला देण्याचा विचार करू, असं बुवा म्हणाले होते. विचार कसला करायचा? पंचक्रोशीतल्या सात देवळांत त्याच्या हातचे देव होते.

त्यानं एक कागद पुढे सरकवला.

"हे तुळसाचं. पाच वर्षांची आहे. बाईला मान नाही, फणसाचं झाड घरापेक्षा ठेंगणं. आणि हा पोरगा बघा, धान्याच्या कणगीच्या आत बसलाय तरी आरपार दिसतोय." तो हसला. "कणगी काय काचेची असते?"

बुवांनी अंगणात खेळणाऱ्या तुळसाला हाक मारली.

"हा कोण गं?"

"गणादादा. लपलाय."

"मला तर दिसतोय."

"तुम्हाला दिसतोय. आईला नाही." तिनं बाईवर बोट ठेवलं. "तिला वाटतंय, तो फणसामागं आहे."



भार्गवनं कागद जवळ ओढला. बाईचे डोळे म्हणजे नुसते दोन ठिपके. पण दोन्ही ठिपके फणसाच्या बाजूला सरकलेले. आणि कणगीतल्या पोराच्या तोंडावर हसू.

"हा का हसतोय?" त्याचा आवाज खाली आला होता.

"आईला काय वाटतंय, ते त्याला ठाऊक आहे ना."

...

सात देवळांतले देव भार्गवच्या डोळ्यांपुढून गेले. सगळे रेखीव. सगळे समोर बघणारे. मनात काय चाललंय, हे त्यानं एकालाही कधी विचारलं नव्हतं.

मग तो हसला, पण हे हसू निराळं होतं. मन मोकळं झाल्यासारखं.

"बुवा, भिंत हिला द्या. मी रंग कालवतो."

तुळसानं भिंतीकडे मान वर करून पाहिलं. "माझा हात नाही पोचायचा तिथं."

बुवांनी कुंचला उचलून भार्गवच्या हातात ठेवला.

"याचा आज पोचला."