साळिंदराचे खडे

जनावरांना बोलता यायचं तेव्हाची गोष्ट. साळिंदर एका बाजूला भुकेचे खडे मांडायचा, दुसऱ्या बाजूला भीतीचे. त्यावरून कोण कुठं जाणार ते सांगायचा, आणि ते खरं व्हायचं. आधी सगळे कोल्हिणीला विचारायचे. आता तिच्याकडं कुणी फिरकेना, म्हणून तिचा नुसता जळफळाट.

"एवढा शहाणा ना तू? मग सांग, मी आज कुठं जाणार?"

"ओढ्यावर, मावशी. पिल्लं उपाशी आहेत तुझी, आणि बिबट्या लांब गेलाय."

खरं तर ती खेकडे धरायला ओढ्यावरच निघाली होती. पण याचं खरं होऊ द्यायचं? ती मुद्दाम उघड्या माळावर जाऊन बसली. पिल्लं भुकेनं केकाटत राहिली.

"चुकलास रे, चुकलास!" सकाळी ती सगळ्यांसमोर नाचली.

"चुकलो खरा," साळिंदर म्हणाला. त्यानं जळकेपणाचा एक खडा आणून मांडला, सगळ्यांत मोठा. मग मुंगसाच्या कानात म्हणाला, "खेकडे हवेत तर आज जा. मी तिला पुन्हा ओढाच सांगतो."

त्यानं सांगितलं, आणि कोल्हीण मान ताठ करून माळाकडं चालू लागली. पिल्लं जरा वेळ तिच्याकडं बघत उभी राहिली. मग मुंगसाच्या मागोमाग ओढ्यावर गेली.