सटवाजीने वळलेला दोर

एक होता राजा. त्याच्या गावात विहीर एकच, पण अशी खोल, अशी खोल, की वरून वाकलं तर भोवळ यायची. एका उन्हाळ्यात विहिरीतल्या आसरा रुसल्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या बाया, बरं का. त्यांनी झऱ्यावर धोंडा ठेवला नि खालून ओरडल्या, "पाणी हवं ना? मग माणूस उतरवा, नि धोंडा हलवा!"

मग राजाने सटवाजीला दोर वळायला सांगितलं. सटवाजी गावचा दोर वळणारा. हात असा चालायचा, बघत राहावं. पण लबाड मेला! दोराच्या पोटात कुजका वाख, म्हणजे घायपाताचे धागे, कोंबायचा नि वरून नवा गुंडाळायचा. म्हणायचा, "शेळीच्या दाव्याचं पोट कोण बघतंय?" राजाचा दोरही त्याने तसाच वळला.

खंडू पैलवान उतरला. अर्ध्यात दोर तुटला. खंडू गेला. सटवाजी म्हणाला, "पैलवानच जड!"

मग सडपातळ केरू सुतार उतरला. दोर तुटला. केरूही गेला. सटवाजी म्हणाला, "काठाचा दगड कापतो." सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तो असा.

मग राजा म्हणाला, "आता तुझी येसू उतरेल."

येसू त्याची एकुलती एक लेक. सटवाजी रडला, राजाच्या पाया पडला. राजा ऐकेना. मग सटवाजीने कोरा वाख आणला नि मन लावून वळायला बसला. हातभर वळून बघतो, तर हात आपसूक कुजक्या ढिगाकडे गेलेला! उसवलं, पुन्हा वळलं. पुन्हा तेच. मग त्याने ढीगच पेटवून दिला, तर पीळ सैल पडायला लागला. तीस वर्षं हाताला जे शिकवलं, ते हात एका दिवसात कसं विसरेल रे?

येसू म्हणाली, "आबा, सरका. मी वळते."

पोर रोज शेळ्यांची दावी वळायची. एवढासा कुजका धागा दिसला तरी सगळं उसवायची. बाप हसायचा तिला. आज मात्र तिच्या हाताकडे बघत राहिला.

येसू उतरली. खाली खंडू नि केरू पडलेले. ती खूप रडली. धोंडा तिला हलेना. मग तिने दोर धोंड्याला बांधला नि हाक मारली, "ओढा!" सगळा गाव ओढायला लागला. दोर करकरला, पण तुटला नाही. धोंडा सरकला, पाणी उसळलं, नि दोर धरून येसू वर आली. पाण्यावर ते दोघेही वर आले. पण ते काही उठले नाहीत.

मग गाव पोटभर पाणी प्यायला. सटवाजी लेकीच्या हाताखाली पहिल्यापासून शिकला. वर्षाने खंडूची आई दावं घ्यायला आली. तिने त्याच्यादेखत दाव्यावर पाय रोवला नि ओढलं. पुन्हा ओढलं. सटवाजी हात जोडून म्हणाला, "ओढा आई. आणखी ओढा."

तिने तिसऱ्यांदा ओढलं नि दावं घेऊन गेली. पुढे सगळी नीट नांदली. चला, पांघरूण घ्या. मिटा डोळे.