खग्रास ग्रहण आणि दोन सीटची गाडी

एका बाजारपेठेच्या गावात भूपाल उपाध्ये नावाचा फरशीचा व्यापारी राहत होता. त्याला दोन छंद होते. एक वेगवान गाडीचा आणि दुसरा फोटो काढण्याचा. आठवडाभर तो दुकानात मन लावून काम करी. रविवार उजाडला की लाल स्पोर्ट्स कार बाहेर काढी, कॅमेरा घेई आणि डोंगराकडे निघे.

गाडी देखणी होती. जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. इंजिन सुरू झाले की समोरच्या पिंपळावरची पाखरे उठत. तिला सीट मात्र दोनच. एकीवर भूपाल बसे आणि दुसरीवर त्याची हातभर लांबीची मोठी लेन्स. तो तिला सीटबेल्टही लावी. त्याची बायको दारातून हसून म्हणे, "माझ्या सवतीचा पट्टा नीट लावा हो!" भूपालही हसे. पण त्या सीटवर त्याने कधी कुणाला बसवले नव्हते.

एका वर्षी आश्विनात खग्रास सूर्यग्रहण आले. तालुक्याच्या उत्तरेकडून चंद्राची सावली जाणार होती. दोन मिनिटे सूर्य पूर्ण झाकला जाणार होता. भूपालने महिनाभर तयारी केली, टेकडी हेरून ठेवली. पण त्या दिवशी दुपारी टेकडीवर पोचतो तो आभाळ भरून आले. सूर्य कुठे आहे तेही कळेना. तो तसाच मोकळे आभाळ शोधत निघाला.

वाटेत एक खेडे लागले. ग्रहणामुळे घरोघरची दारे बंद होती. रस्त्यावर एकच म्हातारी बाई उभी होती. तिची नजर देवळाच्या शिखरावरच्या निशाणाकडे होती. त्या होत्या शिंत्रेबाई. तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

भूपालने गाडी थांबवून विचारले, "मावशी, आभाळ कुठे उघडं मिळेल?"

"वारा पश्चिमेचा आहे. ढग पूर्वेला चाललेत," बाई म्हणाल्या. "सरळ पश्चिमेला जा. पस्तीस किलोमीटरवर गव्हाळीचा माळ आहे. पाऊण तास आहे अजून. पोचाल."

"तुम्ही नाही बघणार?"

"तीस वर्षं फळ्यावर खडूनं ग्रहण काढलं. एकदा बघायला गेले होते, तर अस्संच आभाळ. आता एस.टी. साडेचारला आहे, तोवर सगळं उरकलेलं असेल." बाई हसल्या. "जा तुम्ही. फोटो काढलात तर दाखवा कधीतरी."

त्यांनी त्याच्याकडे काहीच मागितले नव्हते. भूपाल निघाला. शंभर पावले गेल्यावर त्याने आरशात पाहिले. बाई मान वर करून त्या जाड ढगाकडे बघत होत्या. त्याने शेजारी पाहिले. लेन्स पट्टा लावून बसली होती. ती नसेल तर सूर्य फोटोत मोहरीएवढा येईल. महिनाभराची तयारी वाया जाईल. असे ग्रहण त्याच्या हयातीत इथे पुन्हा दिसणार नव्हते.

पण त्या बाईंनाही ते पुन्हा दिसणार नव्हते.

त्याने गाडी मागे घेतली. लेन्स आणि ट्रायपॉड उचलून बाईंच्या घरात खाटेवर ठेवले आणि कुलूप लावायला सांगितले. कॅमेऱ्याला एक साधी छोटी लेन्स लावली.

"अहो, पण तुमचं सामान..." बाई म्हणाल्या.

"बाई, बसा लवकर. सूर्य थांबायचा नाही."

गाडी सुटली. बाईंनी कॅमेरा मांडीवर घट्ट धरला होता. पहिल्या वळणावर त्यांनी डोळे मिटले. तिसऱ्या वळणावर त्या म्हणाल्या, "रस्ता मोकळा आहे. जरा जोरात घे की!" वाटेत वस्ती आली तेव्हा भूपालने वेग उतरवला, आणि बाईंनी शाबासकीची मान हलवली.

माळावर आभाळ निळेभोर होते. सूर्याची फक्त कोर उरली होती. काळा चष्मा एकच होता, तो दोघांनी आळीपाळीने लावला. ऊन होते, पण त्यात ऊब नव्हती. चंडोल गाता गाता गप्प झाले.

मग पश्चिमेच्या शेतांवरून काळोख आला. मैलामैलांची जमीन गिळत तो धावत आला. ना आवाज, ना धूळ. भूपालने वेग पुष्कळ पाहिला होता, पण असा वेग पाहिला नव्हता. क्षणात सावली अंगावरून गेली आणि भर दुपारी चांदणी चमकली.

"आता चष्मा काढ," बाई कुजबुजल्या.

सूर्याच्या जागी काळीभोर चकती होती. तिच्याभोवती मोत्यासारखा शुभ्र प्रकाश पसरला होता, एखाद्या फुलाच्या पाकळ्यांसारखा. भूपालने कॅमेरा डोळ्याला लावला.

"अरे, नुसतं वर काय बघतोस? चहूकडे बघ!"

तो वळला. पूर्वेला केशरी संध्याकाळ होती. पश्चिमेला केशरी संध्याकाळ होती. उत्तरेला, दक्षिणेलाही. साऱ्या क्षितिजावर एकाच वेळी सूर्यास्त झाला होता, आणि मधोमध रात्र उभी होती. मोठ्या लेन्सला डोळा लावून बसला असता तर त्याला एक काळी चकती तेवढी दिसली असती. छोट्या लेन्समध्ये आता सगळे मावले. काळा सूर्य, चांदणी, केशरी कडा, आणि खाली हात जोडून उभ्या राहिलेल्या इवल्याशा बाई. भूपालने एकच फोटो काढला आणि कॅमेरा खाली ठेवला.

चकतीच्या कडेला हिऱ्यासारखी एक ठिणगी पेटली. "चष्मा!" बाई ओरडल्या. काळोख पूर्वेकडे पळाला. चंडोल पुन्हा गाऊ लागले.

मग भूपालने विचारले, "बाई, घरी जाऊन सांगितलं तर कुणाला खरं वाटेल का हो हे?"

"एकट्यानं सांगितलं असतं तर नसतं वाटलं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "बरं झालं, आपण दोघं होतो."

तात्पर्य: छंदात दुसऱ्याला वाटेकरी केले म्हणून आपला आनंद घटत नाही, उलट, जे आपल्या एकट्याच्या नजरेतून सुटले असते तेही पदरात पडते.